घड्याळ नेहमीचेच, मग सारे पळते कसे?

मागच्या वर्षावासातली गोष्ट. पवनी तालुक्यातल्या एका गावच्या विहारात रविवारची वंदना आटोपली होती. धानाची रोवणी नुकतीच संपल्यामुळे गर्दी बरी होती. आमच्या आरोग्य गटाने एका कोपऱ्यात रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या मांडल्या होत्या. सगळे पांगेपर्यंत एक बाई मागेच थांबून राहिली. शेवटी "जयभीम ताई" म्हणत समोर येऊन बसली. सोबत सहावीत शिकणारी मुलगी होती.

"ताई, तापात पोरगी म्हने, माय, तू एवढ्या जोरानं कायले चालून रायली? मी त जागची हालली बी नोती."

मुलीला विचारले. आधी ती लाजली, मग नीट सांगू लागली. "पंखा लय जोरानं फिरे. आजी बोले त भांडल्यावानी वाटे. माहे हात बी पटापट हालत. मंग घड्याळाकडे पाह्यलं त काटा तसाच, हळूहळू." तापात असे दोनदा झाले होते. ताप उतरल्यावर आठवड्याने, रात्री अभ्यासाला बसली असताना पुन्हा एकदा झाले. दर वेळी साधारण दहा मिनिटे. तेवढा वेळ ती शुद्धीवर होती, विचारले तर उत्तर देत होती, आणि झालेले सगळे तिला नंतर आठवत होते.

शेजारणींनी तोवर निदान करून टाकले होते : बाहेरचे लागले. शेजारच्या गावातल्या एका मांत्रिकाचे नाव सुचवले गेले होते, अमावास्येचा दिवसही ठरत आला होता. मुलीच्या वडिलांचे मन अर्धे तिकडे झुकले होते. आई आम्हाला म्हणाली, "आमच्या घरी देव नाही ताई. पन भेव त हाय ना."

या वाक्याने आम्ही गप्प झालो. गप्प होण्याचे आणखी एक कारण होते. आमच्या गटातल्या एकीला लहानपणी तुमसरला असताना नेमके हेच होत असे. तीस वर्षे तिने कुणाला सांगितले नव्हते, कारण सांगितले तर आपल्याला वेडी ठरवतील अशी तिला भीती होती. त्या दिवशी विहारात ती पहिल्यांदा बोलली. ते ऐकून मुलीचा चेहरा असा उजळला की हा विषय आरोग्याच्या पानावर घ्यायचा हे आम्ही तिथेच ठरवले.

याला नाव आहे

जग अचानक भरभर चालल्यासारखे वाटणे, आवाज मोठे आणि घाईचे भासणे, किंवा उलट सारे चिखलातून चालल्यासारखे मंद होणे, हा अनुभव वैद्यकशास्त्राला नवा नाही. 1955 साली जॉन टॉड या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने अशा रुग्णांची वर्णने कॅनडातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यांना कधी स्वतःचे हातपाय लांबल्यासारखे वाटत, कधी समोरची वस्तू लहान दिसे, कधी काळाचा वेग बदले. टॉडने या लक्षणसमूहाला ‘अॅलिस इन वंडरलँड सिंड्रोम’ असे नाव दिले. लुईस कॅरोलच्या 1865 सालच्या त्या पुस्तकात अॅलिस नावाची मुलगी कधी ठेंगणी होते, कधी उंच होते, म्हणून हे नाव. कॅरोलला स्वतःला अर्धशिशीचा त्रास होता, हे त्याच्या रोजनिशीवरून दिसते.

नाव गोष्टीतले असले तरी त्रास गोष्टीतला नाही. 2016 साली डच मनोविकारतज्ज्ञ यान डिर्क ब्लोम यांनी तोवर छापून आलेल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या. लहान मुलांमध्ये संसर्ग आणि मोठ्यांमध्ये अर्धशिशी ही कारणे अधिक आढळली. संसर्गांमध्ये एपस्टीन-बार नावाच्या विषाणूचे नाव पुन्हा पुन्हा येते. बऱ्याच मुलांमध्ये हे झटके काही दिवसांत किंवा महिन्यांत आपोआप थांबतात.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. या मुलीला पंखा पंखाच दिसत होता आणि आजी आजीच. नसलेले काही दिसत नव्हते. जे आहे त्याचा वेग तेवढा बदलला होता, आणि हे खरे नाही हे तिला त्याच क्षणी कळत होते. म्हणून तर तिने घड्याळाकडे पाहिले. नसलेली माणसे दिसणे, कानात हुकूम देणारे आवाज येणे ही लक्षणे वेगळी. त्यांची तपासणी आणि उपचारही वेगळे.

मेंदूत एकच घड्याळ नाही

डोळ्याला प्रकाश कळतो, कानाला आवाज कळतो. काळासाठी मात्र शरीरात वेगळे इंद्रिय नाही. मेंदूचे बरेच भाग मिळून काळाचा अंदाज बांधतात. मागच्या बाजूचा लहान मेंदू पळापळाचा हिशेब ठेवतो. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या केंद्रांमध्ये डोपामिन हे रसायन काम करते आणि सेकंद-मिनिटांचा अंदाज बऱ्याच अंशी त्यावर चालतो. पार्किन्सनच्या आजारात हे रसायन घटते, तेव्हा काळाचा अंदाजही चुकू लागतो. हलणाऱ्या वस्तूचा वेग ओळखणारा भाग आणखी वेगळा. तो मेंदूच्या मागच्या-बाजूच्या पट्ट्यात असतो.

हे भाग वेगवेगळे असल्याचा पुरावा 1983 साली जर्मनीतल्या म्युनिकमधून आला. तिथल्या एका बाईच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि तिला हालचालच दिसेनाशी झाली. रंग दिसत, माणसे ओळखता येत, पण कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसे आणि चहा कधी ओसंडला ते कळत नसे. रस्ता ओलांडताना लांब दिसलेली गाडी एकदम अंगाजवळ येऊन उभी ठाके. डोळे निरोगी होते. बिघाड मेंदूतल्या वेग वाचणाऱ्या भागात होता.

तापाचे उदाहरण तर घरगुती आहे. हडसन होगलंड या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाची बायको फ्लूने आजारी होती. तो औषध आणायला गेला आणि थोड्याच वेळात परत आला. पण फार उशीर केलास म्हणून ती रागावली. होगलंडने चिडण्याऐवजी घड्याळ हातात घेतले. तिला म्हणाला, एका सेकंदाला एक असा अंदाज धरून साठपर्यंत मोज. ताप जितका जास्त, तितकी ती लवकर साठला पोचत असे. तिचे आतले घड्याळ पुढे धावत होते, म्हणून बाहेरचा वेळ तिला लांबलेला वाटत होता. हे निरीक्षण त्याने 1933 साली प्रसिद्ध केले. वाचकांनी घरी करून पाहावे. बरे असताना घड्याळाकडे न बघता साठ मोजा आणि किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. ताप आला की पुन्हा मोजा. यातून रोगाचे निदान होत नाही, पण तापात डोक्यात काय घडते हे मुलांना समजते आणि भीती कमी होते.

आणखी एक अनुभव पुष्कळांना आहे. नागपूर-रायपूर महामार्गावर अपघातातून वाचलेले लोक सांगतात, "गाडी हळूहळू पलटत होती, सगळं दिसत होतं." 2007 साली अमेरिकेत डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. स्वयंसेवकांना 31 मीटरवरून खाली ताणलेल्या जाळीत पडू दिले. आपल्या पडण्याला किती वेळ लागला असेल, याचा त्यांचा अंदाज इतरांच्या पडण्याच्या अंदाजापेक्षा 36 टक्के जास्त निघाला. पण मनगटावरच्या पडद्यावर वेगाने बदलणारे आकडे त्यांना पडताना वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी डोळे जास्त वेगाने पाहत नव्हते. भीतीच्या वेळी आठवण दाट नोंदवली जाते आणि मागे वळून पाहताना तो क्षण लांब भासतो. अपघातात घडलेली ही गोष्ट एका वेळची. ती आजार नव्हे.

आणखी कोणती कारणे?

ताप आणि अर्धशिशी सोडून आणखीही कारणे आहेत. जागरण, तीव्र घबराट, रक्तातली साखर उतरणे, गांजा, धोतऱ्याच्या बिया आणि खोकल्याच्या काही औषधांचा अतिरेक यांमुळेही काळाचे भान बिघडते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक सारे विचित्र वाटू लागले आणि घाम फुटला, तर आधी साखर तपासा. तपासायला साधन नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी पाजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली ताप. पावसाळ्यात धानाच्या पट्ट्यात ताप म्हणजे नुसता ताप समजू नये. मलेरिया आहे, डेंग्यू आहे, स्क्रब टायफस आहे. 2018 च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने विदर्भात बळी घेतले. म्हणून तापातले मूल विचित्र बोलू लागले तर मांत्रिकाकडे जाण्याआधी त्याच्या रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचला पाहिजे.

दुसरी सिकलसेल. पूर्व विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार घराघरांत आहे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले ते यासाठीच. सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूतला रक्तपुरवठा अडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे असे मूल म्हणाले की डोळ्यापुढे काही वेगळे होते आहे, बोलणे अडते आहे, एका बाजूला मुंग्या येतात, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि सिकलसेलचे कार्ड सोबत न्या.

दुसऱ्या मुलाची गोष्ट

सगळ्यांची गोष्ट त्या मुलीसारखी सरळ नसते. त्याच महिन्यात साकोलीकडचा एक अठरा वर्षांचा मुलगा भेटला. त्याला आधी काहीतरी जळल्याचा वास येई. मग समोरची माणसे हळू, फार हळू हलू लागत आणि हे सगळे आधी घडून गेले आहे असे वाटे. अर्धा मिनिट. त्यानंतरचे त्याला आठवत नसे. मित्र सांगत, तू एकटक पाहत होतास, ओठ चाटत होतास, शर्टाची गुंडी चाळवत होतास. घरचे म्हणत, पोरगा विचारात हरवतो. आणि तो रोज मोटारसायकलने वीस किलोमीटर जात होता.

ही अपस्मार म्हणजे मिरगीची चिन्हे असू शकतात. सगळ्या मिरगीत माणूस खाली पडून हातपाय झाडतो असे नाही. कानामागच्या भागातून, म्हणजे मेंदूच्या टेम्पोरल खंडातून उठणारी मिरगी अशीच येते : वास, ओळखीचा भास, काळाचा बदललेला वेग आणि मग कोरी जागा. आम्ही त्याला मोटारसायकल त्या दिवसापासून बंद करायला सांगितली. पोहणे, विहिरीच्या काठावर एकट्याने काम करणे, झाडावर चढणेही बंद. पुढे नागपूरला मेंदूविकारतज्ज्ञांनी ईईजी आणि एमआरआय काढून निदान पक्के केले आणि गोळ्या सुरू केल्या. ईईजी एकदा चांगला आला म्हणून मिरगी नाही असे ठरत नाही, हेही लक्षात असू द्या. डॉक्टरांसाठी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे झटक्याचे नेमके वर्णन. मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मिळाला तर त्याहून चांगले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना मिरगी आहे आणि नीट निदान व उपचार मिळाले तर त्यांतले 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. अट एकच, गोळी चुकवायची नाही आणि स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. काही गोळ्या गर्भाला अपाय करतात, म्हणून मुलगी लग्नाच्या वयाची असेल किंवा बाळाचा विचार असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. विपश्यनेच्या शिबिराला जायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, शिबिरातही गोळ्या चालू ठेवाव्यात आणि झोप मोडू देऊ नये. जागरणाने झटका येतो.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आजार लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात मिरगी ही लग्नाच्या आड येणारी बाब होती आणि हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. 1999 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती अट काढून टाकली गेली. कायद्याने डाग पुसला. आता तो घराघरांतून पुसायचा आहे, लपवून नव्हे, उपचार करून आणि खरे सांगून.

केव्हा थांबायचे नाही?

पुढीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, गरज वाटली तर 108 वर फोन करा :

तापासोबत मान आखडणे, सतत उलट्या, गुंगी किंवा झटका.
तोंड वाकडे होणे, एका हातापायात अशक्तपणा, बोलणे अडखळणे.
डोक्याला मार लागल्यानंतर असे अनुभव सुरू होणे.
अनुभवाच्या वेळी शुद्ध हरपणे किंवा नंतर काही न आठवणे.
पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असे होणे.
सिकलसेल किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीला असे होणे.

झटका येऊन कुणी पडले तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा. चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, दातांत चमचा घालू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तो जिवाला धोका आहे, 108 ला बोलवा.

आणि त्या मुलीसारखे असेल तर? मुलाला जवळ घ्या, उजेड मंद करा, आवाज कमी करा, पाणी द्या. ‘असे होते, थोड्या वेळात जाते’ एवढे शांतपणे सांगा. ताप असेल तर वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्या. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. एक वही करा. तारीख, वेळ, किती मिनिटे, त्याआधी जागरण किंवा उपास झाला होता का, डोके दुखले का, शुद्ध होती का, एवढे तिच्यात लिहा. मग एकदा डॉक्टरांना दाखवा. शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा, नाहीतर वर्गात गोंधळलेले मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून मार खाते. मनावर ताण असेल, भीती जात नसेल तर 14416 या टेलीमानस क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

घरात देव नाही, मग भीती कशाची?

त्या आईचे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांसोबत आपल्या आजोबा-आजींनी जुने देव सोडले. देव्हारा एका दिवसात उचलता येतो, भीती उचलायला पिढ्या लागतात. मूल तापाने फणफणलेले असते, रात्र असते, दवाखाना दूर असतो आणि मांत्रिक शेजारी असतो. अशा वेळी माणूस चुकतो. त्याला हिणवून उपयोग नाही. त्याच्या हाताला दुसरे काहीतरी द्यावे लागते : माहिती, वाहन, कुणाचा तरी फोन नंबर.

पण ज्याने त्या भीतीचा धंदा केला त्याला कायदा आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. ही किंमत आठवणीत ठेवून तरी आपण मुलांना धुरीपासून वाचवले पाहिजे.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले ते हेच, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा कुणी मोठा सांगतो आहे, एवढ्यावर काही स्वीकारू नका. स्वतः तपासून पाहा. आमच्या मते त्या सहावीतल्या मुलीने नेमके तेच केले. सारे जग पळते आहे असे वाटत असताना ती घाबरली, पण तिने घड्याळाकडे पाहिले. काटा नेहमीच्या चालीने चालला होता. पळत होते ते जग नव्हे, हे तिने स्वतः ताडले. दहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठी सम्यक दृष्टी काय शिकवायची?

आणि अतिसाराने लडबडलेल्या, सगळ्यांनी टाकलेल्या भिक्खूपाशी तथागत गेले, तेव्हा हे कुणाच्या करणीने झाले असे त्यांनी विचारले नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. आजाऱ्याच्या जवळ जायचे कसे, हे त्यात आले.

त्या अमावास्येला ते कुटुंब मांत्रिकाकडे गेले नाही. गावातल्या आशाताई सोबत गेल्या आणि मुलीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. मलेरिया नव्हता, सिकलसेलही नव्हता, मेंदूला सूज असल्याचे एकही चिन्ह नव्हते. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. दिवाळीपर्यंत वहीत आणखी दोन नोंदी झाल्या, एक चार मिनिटांची, एक दोन मिनिटांची. नंतरची पाने कोरी आहेत. साकोलीचा मुलगा गोळ्या घेतो, बसने कॉलेजला जातो आणि मोटारसायकल कधी चालवता येईल हे दर भेटीला विचारतो. डॉक्टर सांगतील तेव्हा, आधी नाही, हे आमचे उत्तरही ठरलेले.

आमच्या गटातली ती ताई आता दर शिबिरात एक प्रश्न वाढवून विचारते : "कधी सगळं जोरात किंवा अगदी हळू चालल्यासारखं वाटलं का?" आधी सगळे हसतात. मग बहुतेक वेळा एखादे लेकरू मागच्या रांगेतून हळूच हात वर करते. तुमच्या घरातल्या लेकराला हा प्रश्न आज एकदा विचारा. आणि त्याने हात वर केला तर त्याचे पूर्ण ऐकून घ्या.